जुन्या ब्रिटिश नोटांची किंमत कशी ठरते?

प्रश्न : माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या ट्रंकेत तीन इंग्लिश नोटा सापडल्या. एक पाच पौंडांची, १९५२ सालची, मोठी पांढरी आणि मागून कोरी. दुसरी राणीचे चित्र असलेली तांबूस, दहा शिलिंगांची, म्हणजे अर्ध्या पौंडाची. तिसरी हिरवी, एक पौंडाची, तिच्यावरही राणीच आहे. या नोटा आज चालतील का? विकल्यास चांगले पैसे येतील का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : दुकानात यांपैकी एकही नोट चालणार नाही. पांढरी नोट १९६१ मध्ये, तर दहा शिलिंगांची १९७० मध्ये चलनातून बाद झाली, आणि एक पौंडाच्या नोटांचा व्यवहार १९८८ मध्ये कायमचा संपला. तरीही बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटांची दर्शनी किंमत आजही देते, कारण नोटेवर छापलेले पैसे देण्याचे वचन ती कालबाह्य मानत नाही. मात्र पांढरी नोट बँकेला परत करून पाच पौंड घेऊ नयेत, कारण संग्राहक तिला त्याच्या कितीतरी पट किंमत देतात.

फ्रान्सबरोबरच्या युद्धामुळे सोन्याची चणचण भासू लागली, तेव्हा १७९३ मध्ये बँकेने पाच पौंडांची नोट प्रथम काढली, आणि एकाच बाजूला काळ्या शाईने छापण्याची ही पद्धत १९५० च्या दशकापर्यंत टिकली. आपली नोट उजेडासमोर धरावी. कागदातील जलचिन्हाबरोबर धातूचा एक बारीक धागाही दिसेल. हा धागा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आला आणि त्यामागे मोठे कारण होते. जर्मनांनी साक्सनहाउझेनच्या छळछावणीत ज्यू कैद्यांकडून ब्रिटिश नोटांची इतकी हुबेहूब नक्कल करून घेतली, की बँकेने १९४३ मध्ये पाच पौंडांहून मोठ्या नोटा काढणेच थांबवले. दहा पौंडांची नोट पुन्हा निघाली ती थेट १९६४ मध्ये. त्या बनावट नोटांवर युद्धापूर्वीच्या तारखा असल्याने १९५२ च्या आपल्या नोटेवर तो संशय येत नाही.

नोट जितकी जुनी तितकी महाग, हा समज चुकीचा आहे. मुख्य रोखपालाची सही, तारीख, क्रमांकाची अक्षरे आणि विशेषतः नोटेची स्थिती यांवर भाव ठरतो. आपल्या पांढऱ्या नोटेवर तेव्हाचे मुख्य रोखपाल बील यांची सही असेल; ती दुर्मीळ नाही. याउलट महायुद्धापूर्वीच्या, लंडनऐवजी लीड्स, लिव्हरपूल अशा शाखांची नावे असलेल्या नोटांना बरीच अधिक मागणी असते. दहा शिलिंग आणि एक पौंडाच्या नोटा विपुल छापल्या गेल्या, त्यामुळे वापरलेल्या प्रतींना थोडकेच पैसे येतात. परंतु त्यांचा क्रमांक ‘एम’ अक्षराने सुरू होत असेल, तर त्या खराब निघालेल्या नोटांच्या बदली छापलेल्या असतात आणि त्यांचा भाव वेगळा असतो.

पांढऱ्या नोटेच्या मागे बँकेचा शिक्का किंवा कुणाचे नाव असू शकते, कारण एवढी मोठी रक्कम स्वीकारताना देणाऱ्याचे नाव लिहून घेण्याची रीत होती. बाजारात त्यामुळे किंमत थोडी घटते, पण माझ्या मते अशी नोट अधिक बोलकी असते. कृपया ती धुऊ नये, इस्त्री करू नये, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ती सपाट ठेवावी.

प्रश्न : ‘ब्रॅडबरी’ नोट म्हणजे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच सोन्याची नाणी राखून ठेवण्यासाठी ब्रिटिश अर्थखात्याने एक पौंड आणि दहा शिलिंगांच्या नोटा स्वतःच काढल्या. घाई इतकी होती की पहिल्या नोटा टपाल तिकिटांच्या कागदावर छापल्या गेल्या. त्यांवर त्या खात्याचे सचिव जॉन ब्रॅडबरी यांची सही असल्याने हे नाव पडले. बँकेने हे काम १९२८ मध्ये आपल्याकडे घेतले. तुर्कस्तानविरुद्धच्या डार्डानेल्स मोहिमेसाठी अरबी लिपीत जादा छाप मारलेल्या ब्रॅडबरी नोटा फार मोलाच्या, म्हणून तो छाप नोटेइतकाच जुना आहे ना, याची जाणकाराकडून खात्री केल्याशिवाय पैसे मोजू नयेत.