मधुदव कशाला, चिकटा आहे की!

मंगळवेढ्याहून एका वाचकाने विचारलंय : ज्वारीच्या पानावरचा जो गोड रस मुंग्या चाटतात, त्याला 'मधुदव' म्हणावं का? आणि मुंगी आणि मावा (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) यांना सहजीवी म्हणायचं की परजीवी?

'मधुदव' अजिबात नको. शेतीवरच्या भाषणांत हा शब्द सारखा कानावर येतो आणि दर वेळी संताप होतो. दव पडतं हवेतल्या बाष्पाचं. हा रस माव्याच्या पोटातून येतो. मावा पानातला अन्नरस शोषतो. त्यात साखर भरपूर, अमिनो आम्लं तुटपुंजी. ती पुरेशी मिळेपर्यंत रस पीत राहायचं आणि जास्तीची साखर मागून टाकून द्यायची. आपला शेतकरी तिला चिकटा म्हणतो. झालं की!

या शब्दातला 'चीक' तर बघा. रुईचा चीक, कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक, आणि नुकत्या व्यालेल्या म्हशीचा चीक, ज्याचा खरवस होतो. मुंगी माव्याच्या पाठीवर मिशा फिरवते आणि मावा थेंब सोडतो. ही धार काढणंच झालं! झाडाचा रस आणि जनावराचं दूध एकाच शब्दात मावतं, ते इथे अक्षरशः खरं ठरतं.

'चीक'चं मूळ संस्कृत 'चिक्कण'मध्ये दाखवणारे मला मान्य नाहीत. चिक्कण म्हणजे तुळतुळीत, निसरडं. त्यातून 'चिकणा' खुशाल काढा. हातातून निसटणाऱ्या वस्तूचं नाव हाताला चिकटणाऱ्या वस्तूला कसं मिळेल? सोलापुरात पूर्व भागातले तेलुगू भाषक डिंकाला 'जिगुरु' म्हणतात, अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये चिकटपणाला 'जिगुटु'. च-ज, क-ग या शेजारच्याच जोड्या. माझ्या मते चीक या दोघांचा सख्खा भाऊ आहे, आणि संस्कृतात शोधत बसणाऱ्यांनी एकदा इथल्या बाजारात कान देऊन फिरावं.

'चिकटा हे तर रोगाचं नाव' असाही आक्षेप घेतात. अरगट रोगात बुरशी कणसातल्या फुलांत शिरते आणि दाण्याच्या जागी गोड थेंब गळतात, त्यालाही चिकटा म्हणतात हे खरं. मग 'कणसाचा चिकटा' आणि 'पानाचा चिकटा' म्हणा. एवढ्यासाठी चांगला शब्द टाकायचा?

राहिलं सहजीवी-परजीवी. मुंगी मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावते, मावा तिला साखर देतो. माव्याच्या शरीरातले ब्युकनेरा जिवाणू त्याला कमी पडणारी अमिनो आम्लं बनवून देतात. म्हणजे मुंगी-मावा आणि मावा-ब्युकनेरा या दोन्ही जोड्या सहजीवी. ज्वारीच्या लेखी मात्र मावा परजीवीच.