वाचकांचे प्रश्न : हा मॅक पत्ता कुठल्या व्हीएमचा?

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच लागतील. व्हीएम म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारा आभासी संगणक, हायपर-व्ही हे व्हीएम चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डची ओळख आणि पॉवरशेल ही विंडोजमध्ये आज्ञा टाइप करण्याची जागा.)

प्रश्न : आमच्याकडे दोन हायपर-व्ही सर्व्हर आणि चाळीसेक व्हीएम आहेत. स्विचच्या लॉगमध्ये ००१५.५डी१४.०ए०७ हा पत्ता सारखा येतो. तो कोणाचा हे बघायला एकेका व्हीएमची सेटिंग्ज उघडत बसावं लागतं. पॉवरशेलमध्ये तोच पत्ता टाकून शोधला, तर काहीच सापडत नाही.
— एक वाचक, हिंगणा एमआयडीसी

उत्तर : सापडणार नाही, कारण एकच पत्ता जागोजागी वेगळा लिहितात. अनेक स्विच चार-चार अक्षरांनंतर टिंब देतात, विंडोजची 'गेटमॅक' आज्ञा दोन-दोन अक्षरांत आडवी रेघ घालते, लिनक्स विसर्गासारखी दोन टिंबं देतं, आणि हायपर-व्ही सलग बारा अक्षरं ठेवतं. म्हणून शोधण्याआधी पत्त्यातली सगळी विरामचिन्हं काढा. पॉवरशेलच्या '-रिप्लेस'ने एका ओळीत होतं. लहान-मोठ्या अक्षरांची चिंता नको, '-ईक्यू' तो फरक मानत नाही. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये :

गेट-व्हीएमनेटवर्कॲडॅप्टर -व्हीएमनेम * -कॉम्प्युटरनेम सर्व्हर१,सर्व्हर२ | व्हेअर मॅकॲड्रेस -ईक्यू '००१५५डी१४०ए०७' | सिलेक्ट कॉम्प्युटरनेम, व्हीएमनेम, स्विचनेम

'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून' हे शब्द गाळू नका. हक्क नसतील तर परवानगीची चूक येते किंवा नुसतंच रिकामं उत्तर, आणि रिकाम्या उत्तराला माणूस 'असा पत्ताच नाही' समजतो. तरीही नाही सापडलं, तर '-व्हीएमनेम *'ऐवजी '-ऑल' लावून बघा. सर्व्हरने स्वतःसाठी बनवलेली आभासी कार्डंही त्यात येतात. पत्त्याच्या जागी बारा शून्यं दिसली तर घाबरू नका. ते कार्ड डायनॅमिक आहे, म्हणजे त्याला पत्ता सर्व्हर आपोआप देतो, आणि ती व्हीएम अजून एकदाही सुरू झालेली नाही.

स्क्रिप्ट चालवण्याआधीही तुमचा पत्ता बरंच काही सांगतो. ००१५५डी ही मायक्रोसॉफ्टची खूण. पुढचे १४ आणि ०ए हे सोळा-अंकी पद्धतीतले आकडे. आपल्या पद्धतीत २० आणि १०. हायपर-व्ही हे दोन भाग सर्व्हरच्या आयपीच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून घेतं, म्हणजे आयपीचा शेवट २०.१० असलेल्या सर्व्हरवर हा पत्ता तयार झाला. यात जन्मगाव कळतं, सध्याचा मुक्काम नाही. व्हीएम दुसरीकडे हलवली असेल किंवा सर्व्हरचा आयपी नंतर बदलला असेल, तर हा अंदाज फसतो.

एक कोपरा मात्र या स्क्रिप्टच्या बाहेर राहतो. व्हीएमच्या आत कोणी कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता हाताने बदलला असेल, तर हायपर-व्हीच्या नोंदीत जुनाच दिसेल. 'मॅक स्पूफिंग' (व्हीएमला वेगळा पत्ता वापरू देणारी सेटिंग) बंद असेल (मुळात ते बंदच असतं) तर अशा व्हीएमचं नेटवर्क चालणारही नाही.

प्रश्न : मे महिन्यात लाइट गेली, यूपीएस संपला, क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर चार व्हीएमना डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणाऱ्या सेवेत) राखून ठेवलेले आयपी मिळेनासे झाले. नोंदी तर तशाच आहेत.
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : नोंदी तशाच आहेत, पत्ते बदलले आहेत. चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर सरकवली तर डायनॅमिक पत्ता तोच राहतो. पण बंद पडून दुसऱ्या सर्व्हरवर सुरू झाली, की तो सर्व्हर स्वतःच्या साठ्यातला नवा पत्ता देतो. डीएचसीपी पत्ता बघून आयपी देतं, त्यामुळे राखीव जागा रिकामीच राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे पुन्हा होणार, तेव्हा ज्या व्हीएमना राखीव आयपी आहे त्यांचे पत्ते कायमचे करून टाका. व्हीएम बंद करा आणि 'सेट-व्हीएमनेटवर्कॲडॅप्टर -व्हीएमनेम नाव -स्टॅटिकमॅकॲड्रेस पत्ता' चालवा. पत्ता कुठल्याही सर्व्हरच्या डायनॅमिक साठ्यातला नको, नाहीतर तो सर्व्हर कधीतरी तोच दुसऱ्या व्हीएमला देऊन बसेल. 'गेट-व्हीएमहोस्ट'मध्ये साठ्याचा पहिला आणि शेवटचा पत्ता दिसतो. नेहमीच्या साठ्यात २५६ पत्ते असतात.

हे करतानाच सगळ्या सर्व्हरचे साठे शेजारी ठेवून बघा. एका डिस्क इमेजवरून दोन सर्व्हर उभे केले असतील, तर दोघांचा साठा एकच निघतो. मग दोन व्हीएमना एकच पत्ता मिळतो आणि आळीपाळीने एकीचा पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जातो, दुसरीचा येतो. असे जुळे शोधायला पहिल्या उत्तरातल्या आज्ञेचा फक्त पहिल्या उभ्या रेघेआधीचा भाग घ्या, त्यावर 'ग्रुप-ऑब्जेक्ट मॅकॲड्रेस' लावा आणि काउंट एकापेक्षा जास्त असलेले गट निवडा. बारा शून्यंवाली कार्डं आधी गाळा. ती सगळी एकाच गटात येऊन उगाच खोटी घंटा वाजवतात.

प्रश्न : व्हीएमवेअर आणि केव्हीएम दोन्ही आहेत. तिथे काय?
— एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : दोन्ही हायपर-व्हीसारखीच व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर. व्हीएमवेअरसाठी पॉवरसीएलआय (त्याच्या पॉवरशेल आज्ञांचा संच) घ्या, 'कनेक्ट-व्हीआयसर्व्हर'ने जोडा, मग 'गेट-व्हीएम | गेट-नेटवर्कॲडॅप्टर'. व्हीएमचं नाव 'पेरेंट' या रकान्यात येतं. टेम्प्लेट (नव्या व्हीएम बनवण्याचे साचे) 'गेट-व्हीएम'मध्ये दिसत नाहीत, त्यांच्यासाठी 'गेट-टेम्प्लेट' वेगळं चालवावं लागतं. हजारेक व्हीएम असल्या की हे रेंगाळतं. तिथे 'गेट-व्ह्यू' बरंच चपळ. पत्त्याची सुरुवात ००:५०:५६ किंवा ००:०सी:२९ असेल तर तो व्हीएमवेअरचा.

केव्हीएमचे पत्ते बहुधा ५२:५४:०० ने सुरू होतात. 'व्हर्श लिस्ट --ऑल --नेम'मधल्या प्रत्येक नावावर 'व्हर्श डॉमइफलिस्ट' फिरवा. '--ऑल' विसरलात तर बंद व्हीएम यादीत येणार नाहीत. ही यादी चिन्हं काढून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा. ५२५४०० नंतर नुसते आकडेच आले, तर एक्सेल त्या पत्त्याला संख्या समजून ५.२५ई+११ असं काहीतरी दाखवतं. हायपर-व्हीच्या पत्त्यात 'डी' असतो, म्हणून ते वाचतात.