विली लोमन एवढा चुकतो, तरी प्रेक्षक त्याच्या बाजूने का जातो?

आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' या नाटकातला फिरता विक्रेता विली लोमन खोटं बोलतो, बायकोला फसवतो, पोरांच्या डोक्यात भलभलत्या कल्पना भरवतो. तरी शेवटी त्याच्यासाठी गलबलून का येतं आणि अशाला शोकनायक म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय.

खुशाल म्हणा. पण गलबलून येतं ते तो चांगला आहे म्हणून नाही. सगळं हातचं गेलं तरी हा गडी मान खाली घालत नाही, म्हणून येतं.

दुसऱ्या अंकातला हॉवर्डच्या ऑफिसातला प्रसंग घ्या. विली 63 वर्षांचा, फिरती झेपत नाही, न्यूयॉर्कातच काहीतरी काम द्या म्हणायला आलाय. हॉवर्ड म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. तो नव्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात दंग. त्यातून त्याचा छोटा पोरगा राज्यांच्या राजधान्या घडाघडा म्हणतोय. विली आठवड्याला 65 डॉलर मागतो, मग 50, मग 40. स्वतःची किंमत तो स्वतःच उतरवत जातो आणि एवढं करून नोकरीही जाते. हॉवर्ड बाहेर गेल्यावर ते यंत्र चुकून सुरू होतं, पोरगा पुन्हा राजधान्या म्हणू लागतो आणि म्हातारा भेदरून ओरडत सुटतो. इथे कुणी 'बिचारा' म्हणत नाही, पण पोटात कालवतं.

लगेच पुढे शेजारी चार्ली त्याला नोकरी देऊ करतो. विली ती नाकारतो, मात्र त्याच्याकडून उसने पैसे घेतो. आणि असे पैसे तो घरी पगार म्हणून दाखवत आलाय! प्रेक्षक मनातून चरफडतो, अरे घे की बाबा ती नोकरी. ही चरफड फार महत्त्वाची. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याच्यावर आपण असे चिडत नाही.

अॅरिस्टॉटल म्हणतो, करुणा वाटते ती लायकीपेक्षा जास्त भोगणाऱ्याबद्दल आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसावर आपत्ती आली की. त्याच्यासमोर असलेल्या शोकांतिकांत राजघराणी होती. मिलरने 1949 साली, नाटक रंगमंचावर आल्यावर काही दिवसांतच एक लेख लिहिला. स्वतःची प्रतिष्ठा राखण्यासाठी जीव द्यायला तयार असलेला साधा माणूसही शोकनायक होऊ शकतो, असा त्याचा मुद्दा. विलीपुरतं मला ते पटतं. शिवाय मिलर लबाडही आहे. विलीचं वकीलपत्र त्याने विलीच्या बायकोकडे, लिंडाकडे दिलंय, म्हणजे जिला फसवलं तिच्याकडेच. तीच पोरांना झापते म्हटल्यावर आपण कोण बोलणार? (माझी निम्मी सहानुभूती तिलाच जाते, ते वेगळं.)

आपल्याकडे 'नटसम्राट' बघा. 1970 साली आलेलं शिरवाडकरांचं नाटक, मागे 'किंग लिअर'ची सावली. सगळी इस्टेट मुलांना वाटून टाकण्याचा घोळ अप्पासाहेब बेलवलकरांनी स्वतःच घातलेला. सुनेच्या जागी बसून पाहिलं तर घरात ठेवायला अवघड माणूस. स्नेहसंमेलनांत मुलं 'कुणी घर देता का घर' एवढंच घळाघळा रडत म्हणतात, आणि सगळा मामला फसतो. अप्पा घर मागतात ते 'एका तुफानाला'. भीक मागतानाही स्वतःला तुफान म्हणवून घेणारा हा माणूस! ती मिजास गाळून नुसती लाचारी उरली, तर नाटक संपायच्या आत प्रेक्षक घड्याळ बघू लागतो. नट स्वतःच स्वतःची कीव करू लागला की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही.

विलीचं नाटक कुठे पाहायचं असेल तर डस्टिन हॉफमनचा 1985चा चित्रपट मिळवा. त्यातही हॉवर्डसमोरची ती घासाघीस नीट ऐका.