वाचकांचे प्रश्न : जाहिरातीविना पहिले ग्राहक

प्रश्न : आम्ही दोघांनी मिळून दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार केलं आहे. ज्यांना दाखवलं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, पण पैसे देणारा एकही नाही. जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : नावांच्या यादीपासून. पण त्याआधी ‘दातांचे दवाखाने’ हे वर्णन बरंच आक्रसून घ्या. एकच खुर्ची असलेल्या डॉक्टरचं काम वहीवर भागतं. त्याला तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे नसती उठाठेव. मोठ्या दवाखान्यात आधीच काहीतरी बसवलेलं असतं आणि ते बदलायचं तर पेशंटच्या जुन्या नोंदी हलवाव्या लागतात, त्यामुळे तिथे नवख्याचं कोणी ऐकत नाही. राहिला मधला गट : दोन ते चार खुर्च्या, एक रिसेप्शनिस्ट आणि सगळा कारभार वहीवर किंवा एक्सेलमध्ये. इथे एकाच वेळेला दोन पेशंट येऊन बसतात, तिसरा न कळवता येतच नाही, आणि खुर्ची रिकामी राहिली की नुकसान डॉक्टरला त्याच दिवशी जाणवतं. तुमचा पहिला ग्राहक या गटात शोधा. गट एवढा लहान असावा की त्यातली माणसं एकमेकांना ओळखत असतील. मग एकाचं नाव दुसऱ्याकडे चालतं.

सुरुवातीला ५० नावं पुरेत. प्रत्येकासमोर रकाने असे : निर्णय कोण घेतं, सध्या काय वापरतात, हेच नाव का निवडलं, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढचं कधी. ‘का निवडलं’ हा रकाना रिकामा राहिला तर ते नाव खुशाल खोडा. कारणं उघड्यावरच सापडतात. दवाखान्याच्या ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये ‘फोन लागत नाही’, ‘वेळ देऊनही तासभर बसवलं’ असं कोणी लिहिलेलं असतं. वेबसाइटवर अपॉइंटमेंटसाठी नुसता फोन नंबर असतो. नुकतीच दुसरी शाखा उघडलेली असते किंवा ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे’ अशी जागा निघालेली असते. तुमच्याच प्रकारच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे दोन-तीन तारे दिलेले रिव्ह्यूही वाचा. एक तारा देणारा बहुधा नुसता चिडलेला असतो. दोन-तीनवाला नेमकं काय अडलं ते सांगतो. ‘पुढचं बोलणं कधी’ हा रकाना सगळ्यात दुर्लक्षित. कितीतरी ग्राहक नकार देऊन जात नाहीत, आपण पुन्हा फोन केला नाही म्हणून जातात.

आता कौतुकाविषयी. ‘असं सॉफ्टवेअर मिळालं तर वापराल का?’ असं विचारलं की भला माणूस ‘हो’च म्हणतो. म्हणून पुढचं न विचारता मागचं विचारा. गेल्या आठवड्यात न कळवता न आलेले पेशंट किती? त्या वेळेचं काय केलंत? आठवणीचे फोन कोण करतं, त्यात किती वेळ जातो? यावर उपाय म्हणून आधी काही घेऊन पाहिलंत का? शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका आहे. ज्याने आजवर साधं फुकटचं अ‍ॅपसुद्धा शोधलं नाही, त्याला तो त्रास पैसे मोजण्याइतका नाही. अर्ध्या तासाच्या भेटीत पहिली वीस मिनिटं लॅपटॉप उघडूच नका.

आणखी एक अडचण तुमच्या क्षेत्रात हमखास येते : पैसे डॉक्टर देतो, वापरते रिसेप्शनिस्ट. डॉक्टर होकार देतो आणि महिन्याभराने वही टेबलावर परत आलेली असते. रिसेप्शनिस्टच्या एका हातात फोन असतो, समोर पेशंट उभा असतो. वहीत नाव लिहायला तिला दहा-पंधरा सेकंद लागतात. तुमच्या स्क्रीनवर त्याच कामाला चार क्लिक आणि जन्मतारीख लागत असेल, तर ती वहीच उघडणार, आणि तिचं काही चुकत नाही. डेमोच्या वेळी माऊस तिच्या हातात द्या, घड्याळ लावून पाहा. नाव आणि फोन नंबर एवढ्यावर अपॉइंटमेंट नोंदवता आली पाहिजे. बाकीची माहिती पेशंट आल्यावर भरता येते.

प्रश्न : अकाउंटंट मंडळींना त्यांच्या ग्राहकांकडून कागदपत्रं गोळा करता यावीत यासाठी आमचं टूल आहे. मी दोनशे ईमेल पाठवले, दोन उत्तरं आली, आणि आता माझे नेहमीचे मेलही लोकांच्या स्पॅममध्ये जातात. काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी चुकलेल्या असू शकतात आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात : मेल पोचले नाहीत, की पोचूनही कोणाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही?

आधी पोचण्याचं बघू. स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा आणि तिथल्या मेन्यूतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, आला आहे हे पटवणाऱ्या या तीन तपासण्या. त्यांच्या नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये असतात. नेहमीची चूक अशी की ईमेल सेवेने सांगितलेली एसपीएफची नोंद आधीपासून असते आणि मेल पाठवण्याचं नवं टूल घेतल्यावर दुसरी नोंद शेजारी टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. दोन्ही सेवा एकाच ओळीत घाला. डीमार्क आधी ‘पी=नन’ वर (म्हणजे नापास मेल अडवू नका, नुसता अहवाल द्या) ठेवा आणि अहवाल पाहून मग कडक करा. दिवसाला हजारो मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. तुम्ही त्या गटात नसलात तरी ही शिस्त पाळणं तुमच्याच हिताचं आहे, कारण ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. दोनशे मेलमध्ये एकाने ‘स्पॅम’ दाबलं तरी तुम्ही ती रेषा ओलांडता.

तूर्त मुख्य डोमेनवरून अनोळखी लोकांना मेल पाठवणं थांबवा. त्यासाठी मिळतंजुळतं वेगळं डोमेन घ्या, दोन-तीन आठवडे ओळखीच्यांशी खरा पत्रव्यवहार करा, मग दिवसाला पाच-दहा असं सुरू करून वीस-तीसच्या आसपास थांबा. विकत मिळणाऱ्या पत्त्यांच्या याद्या घेऊ नका. त्यातल्या मेलेल्या पत्त्यांवरचे मेल बाउन्स होतात, म्हणजे न पोचता परत येतात, आणि डोमेनची पत त्यातच जाते. पहिल्या मेलला अटॅचमेंट जोडू नका, लिंक शक्यतो टाळा. ‘किती जणांनी मेल उघडला’ हे मेलमधल्या दडवलेल्या चित्रावरून मोजणारं ट्रॅकिंगही बंद करा. अ‍ॅपलच्या मेलमधली २०२१ पासूनची गोपनीयतेची सोय मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेते. त्यामुळे न वाचलेला मेलही ‘उघडला’ असा मोजला जातो आणि त्या आकड्यावर भरवसा राहत नाही. मोजायची ती उत्तरं.

आता मजकूर. बहुतेक मेल नमनाला घडाभर तेल घालतात : आम्ही कोण, आमची दृष्टी काय, फीचर किती. हे सगळं काढलं की उरतं ते असं :

‘नमस्कार. तुमच्या फर्मच्या वेबसाइटवर ग्राहकांनी कागदपत्रं ईमेलने पाठवावीत असं लिहिलं आहे. कोणाचं काय आलं आणि काय राहिलं याचा हिशोब तुमच्याकडे कोण ठेवतं? आम्ही पाच-दहा जणांच्या फर्मसाठी हेच काम सोपं करणारं टूल बनवतो आहोत. सध्याची पद्धत दोन ओळींत कळवलीत तर आभारी राहीन. विषय कामाचा नसेल तर ‘नको’ एवढंच लिहा, पुन्हा मेल येणार नाही.’

पहिलं वाक्य प्रत्येकासाठी स्वतः पाहून लिहायचं. तेच कोणाच्याही नावे चालत असेल तर ते फुकट गेलं. चार दिवसांनी एक आणि आणखी आठवड्याने एक आठवण पाठवा, त्यापुढे नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव यादीतून खरोखर काढा. मेल पाठवण्यापूर्वी ज्याला पाठवायचा त्याच्या देशाचा नियमही पाहा : अमेरिकेच्या कॅन-स्पॅम कायद्यात मेलमध्ये टपालाचा पत्ता आणि नकाराची सोय लागते. युरोपात जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यामुळे पत्ता कुठून मिळाला हे सांगता यावं लागतं, शिवाय तिथे देशागणिक नियम आणखी कडक असू शकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आणून देतो. अकाउंटंटना वर्षातले काही आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते. मुदतीच्या आधीच्या पंधरवड्यात मेल टाकले असतील तर दोन उत्तरं आली हेच जास्त. मुदत उलटल्यावर आठ-दहा दिवसांनी लिहा. कागदपत्रांसाठी केलेली धावपळ तेव्हा ताजी असते आणि हाताशी वेळही असतो.

प्रश्न : नवी प्रॉडक्टं मांडली जातात त्या प्रॉडक्ट हंट वेबसाइटवर लाँच केलं तर ग्राहक मिळतील का?

उत्तर : तुमचा ग्राहक तिथे बसत असेल तर. तिथला दिवस पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाला सुरू होतो, म्हणून त्या सुमारास टाकणाऱ्याला पूर्ण दिवस मिळतो. पण वाचणारे बरेचसे स्वतःच प्रॉडक्ट बनवणारे असतात. डेव्हलपर किंवा डिझायनर यांच्यासाठीचं टूल असेल तर जरूर करा. गोदाम सांभाळणाऱ्यांसाठीचं असेल तर एक दिवस आकडे उड्या मारतील, साइनअपची यादी फुगेल, आणि महिन्याने त्यातलं कोणी दिसणार नाही.

फायली ऑनलाइन ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टनने एप्रिल २००७ मध्ये आपल्या प्रोग्रॅमचा छोटा व्हिडिओ प्रोग्रॅमर मंडळींच्या हॅकर न्यूज या फोरमवर टाकला तो अंदाजाने नाही. अनेक कॉम्प्युटरवर फायली सांभाळून वैतागलेली माणसं तिथेच होती. वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणाऱ्या झेपियरच्या संस्थापकांनी त्याहून खालच्या पातळीवर काम केलं. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या मदत-फोरमवर ‘हे त्या दुसऱ्या अ‍ॅपशी जोडता येईल का’ असं विचारणाऱ्या धाग्यांवर ते स्वतः उत्तरं देत. माणसं थोडी येत, पण येणारा प्रत्येक जण नेमकं तेच मागत आलेला असे. तुमच्या क्षेत्रातले असे धागे शोधा, आधी प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्या, आणि आपलं टूल असेल तर ‘हे आमचंच आहे’ असं उघड लिहा. नाव बदलून स्वतःचीच शिफारस करणारे लवकर पकडले जातात, आणि एकदा हाकललं की त्या फोरमचं दार बंद.

प्रश्न : पहिल्या ग्राहकांना फुकट द्यावं का?

उत्तर : नाही. कमी पैशांत द्या, पण घ्या. फुकट वापरणारा मागण्या करत राहतो, आणि गप्पपणे सोडूनही देतो. त्याच्यावरून काहीच ठरवता येत नाही. ठरलेल्या किमतीच्या निम्म्यात पहिलं वर्ष, मुदत लेखी, आणि त्या बदल्यात दर पंधरा दिवसांनी अर्धा तास बोलणं व शेवटी नाव वापरायची परवानगी, असा सौदा सरळ असतो. ‘आयुष्यभर मोफत’ किंवा ‘आयुष्यभर याच भावात’ असं घाईत कबूल करू नका; सर्व्हरचा आणि मदतीचा खर्च मात्र दर महिन्याला येतच राहतो. समोरचा पैसे देत नसेल तर निदान खरा डेटा, ठरलेला वेळ किंवा कोणाची तरी ओळख, यांपैकी काहीतरी तो देतो का ते पाहा. काहीच देत नसेल तर तो ग्राहक नाही.

प्रश्न : साइनअप बरे होतात, पण दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही.

उत्तर : रिकामी स्क्रीन पाहून परत जातात. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू सुरुवातीला ‘वापरून बघतो’ म्हणणाऱ्याला लिंक पाठवून मोकळे होत नसत. त्याचा लॅपटॉप मागून तिथल्या तिथे बसवून देत. तुम्हीही साइनअप झाल्यापासून तासाभरात फोन करा, स्क्रीन शेअर करायला लावा आणि त्याची एक्सेल फाइल स्वतः आत घ्या. तारखा एकदा दिवस-महिना, एकदा महिना-दिवस अशा लिहिलेल्या आढळतील, फोन नंबरांपुढचे शून्य उडालेले असतील, एकच नाव तीन पद्धतींनी असेल. हे हाताने दुरुस्त करा. पाच-सहा जणांचं असं केल्यावर आयात करणारा प्रोग्रॅम नेमका कशासाठी लिहायचा ते कळतं, आधी लिहिला तर तो अंदाजाने लिहिला जातो. मात्र पेशंटची किंवा पगाराची माहिती असेल तर फाइल ईमेलने मागवू नका. त्याच्याच मशीनवर, त्याच्या समोर काम करा.

प्रश्न : रेफरलची, म्हणजे ग्राहकाने ग्राहक आणण्याची, योजना कधी सुरू करावी?

उत्तर : आत्ता नाही. ड्रॉपबॉक्सने बोलावणाऱ्याला आणि येणाऱ्याला, दोघांनाही जास्तीची जागा दिली आणि ते चाललं, कारण वापरणारे आधीच भरपूर होते. तुमच्याकडे सात ग्राहक असतील तर सातही जणांना फोन करा. एखाद्याचं काम तुमच्यामुळे नुकतंच सोपं झालं असेल त्या आठवड्यात, ‘कोणी असेल तर सांगा’ असं मोघम न म्हणता यादीतलं नाव घेऊन विचारा : ‘अमुक दवाखान्याच्या डॉक्टरांना तुम्ही ओळखता का?’ त्यांना पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर स्वतःच लिहून द्या.

प्रश्न : पन्नास जणांशी बोलून झालं, एकानेही पैसे दिले नाहीत. अजून किती करायचं?

उत्तर : त्याच गटात, तेच बोलणं, आणखी नको. टिपणं काढा आणि प्रत्येकाने स्वतःहून, तुम्ही न विचारता, कोणती तक्रार केली ती एका रकान्यात लिहा. पन्नासांतल्या दहा-बारा जणांची तक्रार एकच निघाली आणि ती तुमच्या सॉफ्टवेअरबाहेरची असेल, तर पुढच्या आठवड्यात त्या दहा-बारांनाच परत फोन करा आणि तेवढंच काम हाताने करून द्यायचे पैसे मागा.