शंका अर्थशास्त्राच्या : मागणी वाढली की विस्तारली?

प्रश्न : 'किंमत उतरल्यामुळे मागणीत वृद्धी झाली' असं लिहिलं म्हणून माझे गुण कापले. केळी स्वस्त झाली की जास्त खपतात, मग चूक कुठे? (बारावी वाणिज्य, सातारा)

चूक 'वृद्धी' या शब्दात आहे. केळी ६० रुपये डझन असताना बाजारात १०० डझन खपतात आणि ४० रुपयांना १४० डझन खपतात असं धरा. इथे बदलली ती फक्त किंमत. ग्राहक त्याच मागणी वक्रावरून (कोणत्या किंमतीला किती खप होईल हे दाखवणाऱ्या रेषेवरून) खाली सरकले. याला म्हणायचं मागणीचा विस्तार, आणि उलट दिशेने गेल्यास संकोच.

आता श्रावण लागला, उपवास सुरू झाले आणि ६० रुपयांनाच १४० डझन खपू लागली. किंमत तीच, पण आवड, गरज किंवा उत्पन्न बदललं. ही मागणीतील वृद्धी. अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. तो डावीकडे सरकला तर ऱ्हास.

सणाच्या दिवसांत भाव ७० होऊनही खप वाढलेला दिसतो आणि पुष्कळ विद्यार्थी 'हा मागणीच्या नियमाला (किंमत चढली की मागणी घटते, उतरली की वाढते) अपवाद' असं लिहून मोकळे होतात. तो अपवाद नाही. नियमाच्या सुरुवातीलाच 'इतर परिस्थिती स्थिर असताना' असं म्हटलेलं आहे, आणि सणात नेमकी तीच परिस्थिती बदलते. आधी वक्र उजवीकडे सरकला, म्हणून भाव चढला. उत्तर लिहिण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारा : बदलाला सुरुवात किंमतीपासून झाली की दुसऱ्या कशापासून? आकृतीत किंमत उभ्या अक्षावर येते, हे विसरून अक्ष उलटे घेतले तर पुढचं सगळं चुकतं.

प्रश्न : कांद्याचं पीक भरपूर आलं की आमच्या भागात सगळ्यांच्याच हातात कमी पैसे येतात. माल जास्त, तर उत्पन्न जास्त यायला नको का? (बारावी कला, निफाड तालुका)

या प्रश्नात 'मागणीची लवचिकता' हे अख्खं प्रकरण सामावलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लवचिकता म्हणजे मागणीतील शेकडा बदलाला किंमतीतील शेकडा बदलाने भागून येणारा आकडा. कांद्याची मागणी कमी लवचीक, म्हणजे हा आकडा १ पेक्षा कमी. त्याची कारणं स्वयंपाकघरातच आहेत. कांदा रोज लागतो, त्याची जागा घेणारं दुसरं काही नाही आणि महिन्याच्या एकूण खर्चात त्याचा वाटा लहान असतो. भाव अर्ध्यावर आला म्हणून कुणी भाजीत दुप्पट कांदा चिरत नाही.

समजा बाजारात १,००० क्विंटल आवक आहे आणि भाव २,००० रुपये क्विंटल. शेतकऱ्यांना एकूण २० लाख मिळतात. पुढच्या हंगामात आवक १,१०० क्विंटल झाली, म्हणजे १० टक्के वाढली. लवचिकता ०.४ असेल, तर हा वाढीव माल खपवण्यासाठी भाव १० भागिले ०.४, म्हणजे २५ टक्क्यांनी उतरावा लागतो. भाव १,५०० झाला. १,१०० गुणिले १,५०० म्हणजे १६ लाख ५० हजार. माल १० टक्के वाढला आणि साडेतीन लाख रुपये गेले. हेच लवचिकता २ असलेल्या वस्तूत घडलं असतं, तर भाव फक्त ५ टक्के उतरून १,९०० झाला असता आणि हाती २० लाख ९० हजार आले असते.

तरीही प्रत्येक शेतकरी जास्त पिकवायलाच बघतो, आणि त्यात त्याची चूक नाही. एकट्याच्या २० क्विंटलने लासलगावचा भाव हलत नाही. त्याच्यापुरता भाव बाजारात ठरलेला असतो, म्हणून जास्त माल म्हणजे जास्त पैसे हेच खरं. सगळ्यांनी मिळून तेच केलं की मात्र उलटं होतं. एकासाठी खरं ते सर्वांसाठी खरं असेलच असं नाही, आणि सूक्ष्म (एकेका घटकाचं) व समग्र (संपूर्ण अर्थव्यवस्थेचं) अर्थशास्त्र वेगळे शिकवण्याचं हे एक मोठं कारण आहे. आवक एकदम येऊ न देणं हा एक उपाय, पण त्याला पिकाच्या स्वभावाची मर्यादा आहे. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, त्यातही वजनात घट येते आणि मोड फुटतात. खरिपाचा लाल कांदा तेवढाही थांबत नाही.

परीक्षेत गडबड होते ती टक्के काढताना. २,००० वरून १,५०० म्हणजे २५ टक्के घट, पण १,५०० वरून २,००० म्हणजे ३३.३३ टक्के वाढ. शेकडेवारी पद्धतीत भागायचं ते नेहमी मूळ आकड्याने. दोन्ही दिशांना एकच उत्तर हवं असेल तर सरासरीने भागा. किंमतीतील बदल ५०० भागिले १,७५०, म्हणजे २८.५७ टक्के. मागणीतील बदल १०० भागिले १,०५०, म्हणजे ९.५२ टक्के. लवचिकता ०.३३. आकडा बदलला, तरी १ पेक्षा कमीच राहिला. एकूण खर्च पद्धतीत तर भागाकारही लागत नाही : किंमत उतरली आणि एकूण खर्चही उतरला, म्हणजे मागणी कमी लवचीक.

प्रश्न : महागाईचा दर कमी झाल्याची बातमी येते, पण किराणा स्वस्त होत नाही. बातमी खोटी असते का? (अकरावी, लातूर)

बातमी खरी असते. दर म्हणजे वेग. निर्देशांक, म्हणजे मूळ वर्षाचे भाव १०० धरून मोजलेली भावांची पातळी, १०० वरून ११० झाला तेव्हा महागाईचा दर १० टक्के होता. पुढच्या वर्षी निर्देशांक ११३ झाला, तर दर २.७३ टक्के. वेग मंदावला, भाव मात्र चढतेच आहेत. भाव खरोखर उतरायला दर शून्याच्या खाली जावा लागतो. रिझर्व्ह बँकेपुढचं लक्ष्यसुद्धा शून्य नाही. ते ४ टक्के आहे, वर-खाली २ टक्क्यांची मुभा धरून.

दुसरं कारण भारांकनाचं, म्हणजे खर्चातल्या वाट्यानुसार प्रत्येक वस्तूला कमी-जास्त वजन देण्याचं. एका घराचा महिना घेऊ. ज्वारी १० किलो, भाव ४० वरून ५०. तेल ३ लिटर, १४० वरून १५०. दूध ३० लिटर, ५० वरून ५५. जुन्या भावाने खर्च ४०० + ४२० + १,५०० = २,३२०. नव्या भावाने ५०० + ४५० + १,६५० = २,६००. निर्देशांक ११२.०७. तिन्ही वस्तूंच्या सापेक्ष किंमतींची, म्हणजे जुना भाव १०० धरल्यास येणाऱ्या नव्या भावांची (१२५, १०७.१४, ११०) साधी सरासरी घेतली असती, तर ११४.०५ आला असता. ज्वारी सर्वांत जास्त महागली, पण या घराच्या खर्चात तिचा वाटा लहान आहे. साधी सरासरी हे पाहतच नाही. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. ज्या घराचा खर्च याहून वेगळा, त्याला जाणवणारी महागाईही वेगळी.

वर आपण दोन्ही वेळा जुनंच परिमाण (किती किलो, किती लिटर) धरलं, म्हणून हा लास्पेअरचा निर्देशांक. दोन्हीकडे चालू वर्षाचं परिमाण घेतलं तर पाश्चेचा. अंशात चालू आणि छेदात मूळ परिमाण घेण्याची चूक सर्रास होते. त्याने येतो तो किंमत निर्देशांक नव्हे, मूल्य निर्देशांक.

प्रश्न : भाऊ चार वर्षं दुबईत नोकरी करतो आणि घरी पैसे पाठवतो. ते 'परदेशातून मिळणारे निव्वळ घटक उत्पन्न' यात धरायचे का? (बारावी, रत्नागिरी)

नाही. घटक उत्पन्न म्हणजे श्रम, जमीन, भांडवल यांचा मोबदला, आणि तो इथल्या रहिवाशाने परदेशातून मिळवलेला असावा लागतो. वर्षाहून अधिक काळ तिथे राहणारा माणूस या हिशेबात तिथला रहिवासी ठरतो. त्याचा पगार तिथल्या उत्पन्नात मोजला जातो आणि त्याने घरी पाठवलेली रक्कम हे हस्तांतरण, म्हणजे कामाच्या मोबदल्याशिवाय दिलेले पैसे, असतं. इथला रहिवासी दोन महिन्यांच्या कामासाठी तिकडे जाऊन मजुरी घेऊन आला, तर ते मात्र घटक उत्पन्न.

प्रश्न : 'रेपो दरात पाव टक्का कपात' म्हणजे कर्जाचा हप्ता पाव टक्क्याने कमी होतो का? (प्रथम वर्ष वाणिज्य, ठाणे)

नाही. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो व्याजदर. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के झाला. ही ०.२५ टक्केबिंदूंची घट. दर स्वतःच्या तुलनेत मात्र ३.८५ टक्के उतरला. दोन टक्केवारींमधली वजाबाकी आणि टक्केवारीतला शेकडा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हप्त्याचा हिशेब तिसराच. २० लाखांचं २० वर्षांचं कर्ज ८.५० टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे १७,३५६ रुपये, ८.२५ टक्क्यांनी सुमारे १७,०४१. फरक ३१५ रुपये, म्हणजे १.८ टक्के. तोही कर्ज रेपोशी जोडलेल्या बदलत्या दराचं असेल तरच. अशा कर्जाचा दर बँकेने तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरवायचा असतो. बऱ्याचदा बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, तेव्हा घरच्या कर्जाच्या विवरणपत्रात हप्त्याच्या जोडीला उरलेले महिनेही तपासा.