ध्यानाला बसायलाच वेळ नसेल, तर आईने सजगतेचा सराव कसा करावा?

तुमच्या घरी चार वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी आहे, नोकरी पुन्हा सुरू झाली आहे, आणि 'माइंडफुलनेससाठी, म्हणजे सजगतेसाठी, रोज वीस मिनिटे शांत बसत जा' असे जो तो सांगतो. जिला निवांत आंघोळही मिळत नाही तिने ही वीस मिनिटे कुठून आणायची, असा तुमचा प्रश्न आहे. मला दोन मुली आहेत, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची. धाकटी तान्ही असताना मीही नेमकी इथेच अडले होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे सारे एका आईचे उत्तर म्हणून वाचावे.

वीस मिनिटांची बैठक जमत नसेल तर तूर्त ती सोडून द्या आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. आजचे माइंडफुलनेसचे पुष्कळसे वर्ग ज्या अभ्यासक्रमातून निघाले, तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी तो आखलेला होता, आणि घरी रोज बराच वेळ सराव करणे त्यात अपेक्षित होते. ते वेळापत्रक तान्ह्या बाळाच्या आईच्या अंगाला बसत नाही, यात तिचा काहीच दोष नाही. मात्र त्याच अभ्यासक्रमात भांडी घासणे, चालणे, जेवणे अशा नेहमीच्या कामांत लक्ष ठेवण्याचा सरावही शिकवला जातो, आणि आपल्या उपयोगाचा भाग तोच आहे. आपण ज्याला सजगता म्हणतो त्यासाठी पाली भाषेत 'सति' हा शब्द आहे आणि तो संस्कृतातल्या 'स्मृती'चाच भाऊबंद आहे. मला या शब्दाने फार धीर दिला, कारण मन भरकटू न देणे ही अट त्यात मला दिसली नाही. भरकटल्यावर आठवण होऊन परत येणे, एवढेच दिसले.

हे मला ज्या संध्याकाळी उमगले ती अजून डोळ्यांसमोर आहे. थोरलीला न्हाऊ घातले होते आणि मी टॉवेलने तिचे केस पुसत होते. माझ्या डोक्यात कार्यालयातल्या एका पत्राचे उत्तर तयार होत होते, आणि ते उत्तर जसजसे तिखट होत गेले तसतसा माझा हातही जोरात चालू लागला. "आई, दुखतंय," असे ती म्हणाली. नंतर तिने सांगितले की ती हे तीन वेळा म्हणाली होती. मला फक्त तिसरी हाक ऐकू आली. माझ्या हाताला त्या पत्राचा वेग आला होता आणि तो एका लहान डोक्यावर उतरत होता. त्या दिवसापासून केस पुसणे हाच माझा सराव झाला: टॉवेलचा ओलावा, कानामागे राहिलेले पाणी, तिच्या मानेचा उबदारपणा, आणि मन निसटले की पुन्हा टॉवेल. जेमतेम दोन-तीन मिनिटांचे काम, पण ते रोज असतेच. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. २०१० साली हार्वर्डमधील किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी लोकांना दिवसभरात अवचित फोनवरून विचारले की आत्ता तुमचे मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हते, आणि अशा वेळी लोक तुलनेने कमी आनंदी असल्याचे आढळले. म्हणजे मन पळणे हा काही केवळ आईचा दोष नाही.

तुम्हीही असे एकच काम निवडा. दूध पाजणे, लंगोट बदलणे, बूट चढवणे, काहीही चालेल. पण महिनाभर तेवढेच. सगळी कामे सजगतेने करायचा संकल्प केला तर चार दिवसांत तेही एक ओझे होते, हे मी अनुभवले आहे.

रागाच्या क्षणाबद्दल स्वतंत्रपणे लिहिते, कारण आयांना सर्वांत जास्त बोचते ते हेच. राग तोंडावाटे बाहेर पडण्याआधी तो शरीरात आलेला असतो. माझे दात आवळले जातात आणि खांदे कानांकडे चढतात. तुमची खूण निराळी असेल, ती ओळखून ठेवा. ती दिसताच बाळ सुरक्षित जागी आहे एवढे पाहावे आणि तीन श्वास असे घ्यावेत की चार अंक मोजत श्वास आत आणि सहा अंक मोजत बाहेर. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या कामामुळे हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवल्याने शरीर खरोखरच थोडे निवते. दर वेळी हे साधणार नाही. ज्या दिवशी ओरडलात त्या दिवशी थोड्या वेळाने मुलाजवळ बसून "मी ओरडले, ते चुकले" असे सरळ सांगावे. चार वर्षांच्या मुलाला ते कळते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. सजगता झोपेची जागा घेऊ शकत नाही आणि औषधाचीही नाही. कित्येक महिने मी माझ्या थकव्याकडे 'शांतपणे पाहत' राहिले. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ निघाले; गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ पेक्षा कमी असल्यास ॲनिमिया समजतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर जिना चढताना जो फरक पडला तो कोणत्याही श्वासाने पडला नव्हता. बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडू शकते, म्हणून या दोन तपासण्या डॉक्टरांना विचारून आधी करून घ्या. मनाचेही तसेच. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतले रडू आणि हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो; नैराश्य तसे ओसरत नाही आणि ते पहिल्या वर्षात पुढेही सुरू होऊ शकते. त्याचा अंदाज घेण्यासाठी १९८७ पासून एडिनबरा प्रश्नावली वापरली जाते. गेल्या सात दिवसांबद्दल त्यात दहा प्रश्न असतात आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. असे विचार, किंवा बाळाला इजा होईल असे विचार मनात येत असतील, तर सराव वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तोपर्यंत एकट्या राहू नका.

'आहे ते स्वीकारा' या शिकवणीचाही चुकीचा अर्थ घेऊ नका. मी रोज रात्री तीनदा उठते आणि शेजारचा माणूस झोपलेला असतो, हे मी सजगतेने पाहिले तेव्हा मला ते स्वीकारावेसे वाटले नाही, बदलावेसे वाटले. "जरा मदत करत जा" या वाक्याने आमच्याकडे काही हलले नव्हते. "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री तू उठायचेस, मी दुसऱ्या खोलीत झोपेन" असे सांगितल्यावर मात्र हलले. त्या दोन रात्रींची सलग झोप मला कोणत्याही सरावाहून जास्त मानवली.

तुमची सुरुवात मात्र मी आंघोळीपासूनच करीन, कारण प्रश्नात तुम्हीच तिचे नाव घेतले आहे. दोन्ही मुलांना दहा मिनिटे कोण सांभाळेल ते आज रात्रीच माणूस ठरवून आणि वेळ ठरवून सांगून ठेवा. दाराची कडी लावा, फोन बाहेर ठेवा आणि पहिले पाणी मानेवर कुठून कुठे उतरते तेवढेच पाहा. बाहेरून रडणे ऐकू आले, तर ज्याच्याकडे काम सोपवले आहे त्याला ते करू द्या.