चिनी शकुन-अपशकुनांमुळे घराची किंमत खरंच कमी-जास्त होते का? रिचमंडला ४४ नंबरचं घर घ्यावं का?

होते, पण तुमचा एजंट सांगतोय तेवढी नाही. तुम्ही लिहिलंय की व्हँकूवरजवळ रिचमंडला जे घर बघितलंत त्याचा नंबर ४४ ने संपतो, आणि एजंट म्हणतो, "चिनी गिऱ्हाईक फिरकणार नाही, दहा टक्के पाडून मागा." मीही इकडेच राहतो, त्यामुळे हा संवाद ओळखीचा आहे.

चिनी भाषेत 'चार'चा उच्चार 'मृत्यू'च्या जवळ जातो आणि कँटोनीजमध्ये 'आठ'चा भरभराटीच्या. मूळ एवढंच. पण व्हँकूवर परिसरातले घरांचे व्यवहार तपासणारा एक शोधनिबंध २०१४ साली आला. ज्या वस्त्यांत चिनी लोक सरासरीपेक्षा जास्त, तिथे ४ ने संपणारी घरं २.२ टक्के स्वस्त गेली होती आणि ८ ने संपणारी २.५ टक्के महाग. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरामागे बावीस हजार. रिचमंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक चिनी वंशाचे आहेत, तेव्हा एवढी सूट मागायला तुम्हाला जागा आहे. दहा टक्के मागितलेत तर मात्र मालक बहुधा दार लावून घेईल.

आणि हसू नका. दक्षिणमुखी फ्लॅट म्हटलं की आपल्याकडची गिऱ्हाइकं कशी नाक मुरडतात ते ठाऊक आहेच.

बिल्डर मंडळी यातून काय काय करतात ते बघण्यासारखं आहे. हाँगकाँगला कॉन्ड्युइट रोडवर ३९ नंबरची इमारत आहे. मजले चाळीसच्या घरात, पण सर्वात वरच्या मजल्याचा नंबर ८८! मधले चाळीस ते एकोणसाठ गायब, आणि ६८ नंतर थेट ८८. इकडे व्हँकूवरलाही टॉवरमधून ४, १४, २४ गाळायची पद्धत होती, जोडीला पाश्चात्त्यांचा १३. आग लागली की बंबवाल्यांनी मजले मोजायचे कसे? म्हणून २०१५ मध्ये पालिकेने ते बंद केलं.

नंबर हे किरकोळ प्रकरण. खरा फटका बसतो तो घरात खून किंवा आत्महत्या झालेली असेल तर. हाँगकाँगच्या अशा फ्लॅट्सच्या अभ्यासात त्या फ्लॅटची किंमत साधारण २० टक्क्यांनी पडलेली दिसली, आणि त्याच मजल्यावरच्या बाकीच्यांचीही सुमारे १० टक्क्यांनी. शेजाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? पण घेणारा स्वतः भुताला मानत नसला तरी उद्या हे घर ज्याला विकायचं तो मानेल, हा हिशोब त्याच्या डोक्यात असतोच. तुमच्या ४४ लाही हेच लागू. आज बावीस हजार वाचले तरी विकताना तेवढेच सोडावे लागतील. पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार असाल तर काळजी सोडा, दोन-तीन वर्षांत विकायचं असेल तर ती सूट म्हणजे कमाई नव्हे.

नंबर निदान दारावर दिसतो, मृत्यू दिसत नाही. व्हँकूवरच्या शॉनेसी भागातला एक बंगला २००९ मध्ये साठ लाखांहून जास्त डॉलरला ठरला होता. विकण्याचं कारण विचारल्यावर उत्तर मिळालं, नातीची शाळा बदलली. ते खरंच होतं. पण २००७ साली त्याच बंगल्याच्या फाटकाबाहेर घरच्या जावयाचा खून झाला होता, हे सांगितलं नव्हतं. कळल्यावर घेणारी बाई मागे फिरली आणि प्रकरण कोर्टात गेलं. खालचं कोर्ट तिच्या बाजूने, पण २०१९ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. कोर्टाचं म्हणणं, असल्या गोष्टी आपणहून सांगायचं बंधन मालकावर नाही. ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने नेमकं विचारावं.

तेव्हा ऑफर देण्याआधी एजंटकरवी लेखी विचारून घ्या: या घरात किंवा आवारात कुणाचा खून, आत्महत्या झाली आहे का? "का विकताय?" एवढ्यावर थांबू नका.